काकूंनी भरलेले माझे १३० रुपये

आज बुधवार. गंगाघाटावरच्या बाजारात मेथीच्या दोन जुड्या, गवार, वाटाणे पिशवीत घातले, कोड स्कॅन केला आणि ॲप नुसतं गोल गोल फिरत बसलं. मागून एक काकू "आवरा हो लवकर" म्हणतायत. खिशात रोख? दहाचं एक नाणं.

मागच्याच महिन्यात बाकीची दोन ॲप्स मी काढून टाकली होती. कशाला पसारा, एकात सगळं होतंय ना!

शेवटी त्या काकूच वैतागून म्हणाल्या, "किती झाले? १३०? सरका." त्यांचं ॲप वेगळं, कोड तोच. लगेच भाजीवाल्या मावशींचा स्पीकर बोलला.

यूपीआयची खरी गंमत हीच: कोड कुणाचाही असो, ॲप कुठलंही चालतं. तरी फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच जवळपास ८० टक्के व्यवहार. एकाचा वाटा ३० टक्क्यांच्या वर नको, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२० मध्ये ठरवलं. मुदत सरकत सरकत डिसेंबर २०२६ वर गेलीय. खरं सांगू? उद्या मला कुणी "दुसरं ॲप वापरा" म्हणालं, तर मीच आधी कुरकुरेन. सवय झालीय ना. पण सगळेच माझ्यासारखे आळशी निघाले, तर काकूंच्या फोनमध्ये तरी वेगळं काय उरणार?

संध्याकाळी दुसरं ॲप परत टाकलं आणि त्यातूनच काकूंना पैसे पाठवले. उत्तर आलं: "मिळाले. गवार जून होती हो."