काचसफाईसाठी पाण्याचा शोध : हिंजवडी, भोसरी, तुर्भे आणि वांद्रे-कुर्ला संकुल

काचेच्या इमारती धुण्याचा व्यवसाय करणाऱ्याने पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा विकत घेण्याआधी आपल्या कामाच्या ठिकाणांची एक फेरी करावी, तिथले पाणी मोजावे आणि मगच विक्रेत्याच्या दारात पाऊल ठेवावे, असे माझे मत आहे. माझे भागीदार आणि मी मे महिन्यात अशीच एक फेरी केली. पुण्यातली आमची बहुतेक कामे हिंजवडी आणि खराडी भागात आहेत, काही नवी कामे मुंबईत मिळण्याची शक्यता होती आणि यंत्रणा बनवणारे लोक भोसरीत व तुर्भ्यात बसतात. त्यामुळे मार्ग आपोआपच ठरला. सामानात खिशात मावणारा टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण), हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा तपासण्याचे थेंबांचे किट, अर्ध्या लिटरच्या स्वच्छ बाटल्या आणि काळ्या ग्रॅनाइटचा एक गुळगुळीत तुकडा एवढेच होते.

लांब होणाऱ्या काठीच्या टोकाला ब्रश आणि त्यातून येणारे पाणी, अशा पद्धतीने पाच-सहा मजल्यांपर्यंतची काच जमिनीवर उभे राहून धुता येते. या पद्धतीत वायपर मारला जात नाही, फडक्याने पुसलेही जात नाही. पाणी काचेवरच वाळते, आणि त्यात जे काही विरघळलेले असेल ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने तिथेच राहते. म्हणून या कामाला टीडीएस शून्य असलेले पाणी लागते. फार तर १० पीपीएमपर्यंत, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत, चालवून घेता येते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. म्हणजे पिण्याच्या दृष्टीने उत्तम असलेले पाणीही काचेवर डाग पाडते, आणि ‘आमच्याकडे पाणी अगदी गोड आहे’ या इमारत व्यवस्थापकाच्या वाक्याचा आपल्याला काडीचाही उपयोग नसतो.

हिंजवडीत आम्ही सकाळी लवकर पोहोचलो, कारण टँकर त्याच वेळी रिकामे होतात. एकाच संकुलात तीन प्रकारचे पाणी निघाले. एमआयडीसीच्या नळाचे पाणी शंभर पीपीएमच्या आसपास होते, टँकरचे सातशेच्या पुढे, आणि या दोन्हींचे मिश्रण साठवणाऱ्या जमिनीखालच्या टाकीचे पाणी त्या दिवशी कोणाचा वाटा जास्त होता त्याप्रमाणे मधले काहीतरी. सुरक्षा रक्षकाने आवर्जून सांगितले की पावसाळ्यात टँकर येत नाहीत. यंत्रणा निवडताना मोजमाप उन्हाळ्यात घ्यावे ते याचसाठी. मे महिन्याच्या पाण्याला पुरणारी यंत्रणा सप्टेंबरमध्ये आरामात चालते, उलट मात्र घडत नाही.

तिथून भोसरीला गेलो. पहिल्याच दुकानात ‘साहेब, काचेसाठी ना? सॉफ्टनर घेऊन टाका, डाग विसरा’ असा सल्ला मिळाला. सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे गिझरमध्ये आणि पाइपात क्षार बसत नाहीत हे खरे, पण पाण्यातल्या विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते. वाद घालण्याऐवजी आम्ही ग्रॅनाइटचा तुकडा उन्हात ठेवला आणि त्यावर ओळीने चार थेंब टाकले : हिंजवडीच्या टँकरचे पाणी, त्यांच्याच सॉफ्टनरमधून काढलेले तेच पाणी, आरओचे, म्हणजे दाबाखाली बारीक पडद्यातून गाळलेले पाणी, आणि रेझिनमधून, म्हणजे क्षार पकडणाऱ्या बारीक मण्यांमधून, निघालेले पाणी. मेच्या उन्हात थेंब वाळायला वेळ लागला नाही. पहिल्या थेंबाचे खरखरीत पांढरे कडे नखाने खरवडावे लागले. सॉफ्टनरच्या थेंबाचे कडेही तितकेच पांढरे होते, फक्त ओल्या बोटाने ते पुसले गेले. आरओच्या थेंबाची कड तिरप्या उजेडातच दिसत होती, आणि चौथा थेंब कुठे टाकला होता ते खुणेवरून शोधावे लागले. दुकानदाराने तो तुकडा हातात घेऊन निरखून पाहिला आणि मग आरओचे माहितीपत्रक काढले. कोणत्याही विक्रेत्याकडे जाताना असा तुकडा बरोबर न्यावा. बराच वेळ वाचतो.

खरा प्रश्न आरओ घ्यावा, नुसते रेझिन घ्यावे की दोन्ही, हा असतो आणि तो साध्या गुणाकार-भागाकाराने सुटतो. शून्य टीडीएससाठी वापरले जाणारे मिक्स्ड बेड रेझिन पाण्यातले सगळे क्षार धरून ठेवते, पण त्याची क्षमता ठरलेली असते. एक लिटर रेझिन ढोबळमानाने २५ ग्रॅम क्षार धरते असे समजावे. या हिशेबाने २५ लिटर रेझिनची टाकी १०० पीपीएमच्या पाण्यावर सुमारे ६००० लिटर देते, तर ६०० पीपीएमच्या पाण्यावर तीच टाकी जेमतेम १००० लिटरनंतर संपते. ब्रशवर काम करणारा एक माणूस दिवसाला ३०० ते ५०० लिटर पाणी सहज वापरतो. म्हणजे टँकरच्या पाण्यावर दर दोन-तीन दिवसांनी रेझिन बदलावे लागेल, आणि त्या खर्चात धंदा बसेल. हेच पाणी आधी आरओमधून काढले तर त्यातले ९५ टक्क्यांच्या आसपास क्षार तिथेच अडतात, रेझिनपर्यंत ३० पीपीएमचे पाणी पोहोचते आणि तीच टाकी कागदावर २०,००० लिटर चालते. प्रत्यक्षात ती थोडी कमी चालते, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आरओच्या पडद्यातून सरळ पलीकडे जातो आणि रेझिनचा काही भाग खाऊन टाकतो.

आरओ प्लांट घेतानाचे बारकावे भोसरीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यात पाहायला मिळाले. तिथे एक २५० एलपीएचचा, म्हणजे तासाला २५० लिटर देणारा, प्लांट जोडणीला होता : वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, अँटिस्केलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोसिंग पंप, पाच मायक्रॉनची कार्ट्रिज, हाय प्रेशर पंप आणि ४०४० मापाचा (४ इंच व्यास, ४० इंच लांबी) एक मेम्ब्रेन, म्हणजे आरओचा पडदा. यातला कार्बन फिल्टर कधीही वगळू नये, कारण पालिकेच्या पाण्यातले क्लोरिन मेम्ब्रेनचा थर कायमचा खराब करते. अँटिस्केलंटवर काटकसर केली तर बोअरचे पाणी काही महिन्यांत मेम्ब्रेन चोंदवते. उलट यूव्हीचा दिवा, ओझोन, मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस कंट्रोलर या पिण्याच्या पाण्याच्या गोष्टी आहेत. त्यांचे पैसे देऊ नयेत. टीडीएस कंट्रोलर तर चक्क कच्चे पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. प्लांटवर दर्शवलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते आणि पाणी एक अंशाने थंड झाले की उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी घटते, त्यामुळे जानेवारीतल्या पुण्याच्या पहाटे २५० ऐवजी २०० लिटरच मिळतील हे गृहीत धरावे.

रिजेक्टचा, म्हणजे प्लांट बाहेर टाकतो त्या पाण्याचा, विषय विक्रेते स्वतःहून काढत नाहीत. या आकाराचा प्लांट आत गेलेल्या पाण्यापैकी निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त बाहेर टाकतो. दहा हजार लिटरचा टँकर विकत घेतला तर कामाचे पाणी चार ते पाच हजार लिटर मिळते, आणि ज्या शहरात लोक उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरवर अवलंबून असतात तिथे उरलेले गटारात सोडणे मला तरी पटत नाही. आम्ही गोदामाच्या स्वच्छतागृहासाठी आणि फरशी धुण्यासाठी वेगळी टाकी बसवण्याचे ठरवले. झाडांना हे पाणी सतत घालू नये, त्यात क्षार जवळजवळ दुप्पट झालेले असतात.

द्रुतगती मार्गाने मुंबईकडे जाताना बोलणे वाहनावर आले. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि छोट्या टेम्पोची वहनक्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. त्यात काठ्या, नळ्या, पंप, बॅटरी आणि दोन माणसे धरली तर चारशे लिटरपलीकडे जाऊ नये. टाकीत आडवे पडदे असावेत आणि ती वाहनाच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली असावी. अर्धी भरलेली टाकी खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक दाबताच कशी हिसका देते, हे ज्याने चालवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

नवी मुंबईतल्या तुर्भ्यात आम्ही फक्त चाकांवरची रेझिनची ट्रॉली पाहिली. पसंत पडली. तिचे महत्त्व वांद्रे-कुर्ला संकुलात कळले. मुंबईचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा सह्याद्रीतल्या जलाशयांमधून येते आणि ते मुळातच हलके असते. आमच्या मीटरवर ते शंभराच्या आतच राहिले. अशा पाण्यासाठी प्लांट, मोठी टाकी आणि टन-टन वाहतूक हे सगळे अनावश्यक आहे : ट्रॉली इमारतीच्या नळाला जोडावी आणि काम सुरू करावे. मात्र कोणत्या नळाला, हे नीट विचारावे. मोठ्या कार्यालयीन इमारतींत पोडियमवरच्या बागेच्या नळाला बहुधा एसटीपीचे म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी असते. आम्हाला सर्वप्रथम दाखवलेला नळ तोच होता. पाणी दिसायला स्वच्छ, पण मीटरचा आकडा चढलेला आणि ओंजळीत घेतल्यावर किंचित वास. त्यातले सेंद्रिय पदार्थ रेझिनला चिकटून बसतात. काही ठिकाणी हाच नळ बोअरला जोडलेला असतो, आणि समुद्राजवळच्या बोअरचे पाणी खारट असू शकते. पिण्याच्या टाकीवरून येणारी जोडणी देण्याची अट करारातच लिहून घ्यावी.

पुण्यात बोअरच्या पाण्यावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या भूजलात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) विरघळलेली असते आणि ती टीडीएस मीटरला जवळजवळ दिसत नाही. रेझिन संपत आले की पहिल्यांदा सिलिकाच निसटते, आणि तिचे डाग कॅल्शियमच्या डागांपेक्षा कितीतरी हट्टी असतात. म्हणून मीटर १० दाखवेपर्यंत वाट न पाहता आकडा शून्यावरून हलू लागताच रेझिन बदलणे श्रेयस्कर. शुद्ध पाणी पितळेच्या आणि जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) जोडण्या हळूहळू खाते, तेव्हा सगळे फिटिंग प्लास्टिकचे घ्यावे. टाकी काळी किंवा उजेड आत न येऊ देणारी असावी, नाहीतर आत शेवाळ धरते.

आम्ही शेवटी गोदामासाठी २५० एलपीएचचा आरओ आणि त्यामागे रेझिनची टाकी, तर मुंबईसाठी फक्त ट्रॉली, अशी मागणी नोंदवली. ज्यांचा व्यवसाय नुकताच सुरू झाला आहे आणि आठवड्याला एखादेच काम असते, त्यांनी काहीच विकत न घेता डीएम वॉटर (क्षार काढलेले पाणी) पुरवणाऱ्यांकडून बॅरलने पाणी आणावे. प्रति लिटर महाग पडले तरी भांडवल अडकत नाही. आम्ल आणि कॉस्टिक वापरून रेझिन घरच्या घरी ताजे करून देणारा डीएम प्लांटही आम्हाला स्वस्तात देऊ केला गेला होता. रसायने हाताळणारा प्रशिक्षित माणूस आणि निघणारे पाणी उदासीन करण्याची सोय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

भोसरीला जाणार असाल तर गुरुवार टाळावा, कारण तिथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. आपल्या पाण्याचा किमान २० लिटरचा कॅन सोबत न्यावा आणि ते पाणी चालू यंत्रणेतून काढून दाखवायला सांगावे. कोटेशनमध्ये मेम्ब्रेनची कंपनी, रेझिनचे लिटर, रिजेक्टचे प्रमाण आणि रेझिन बदलण्याचा दर या चार गोष्टी लेखी घ्याव्यात.