गोरिला बघायला जायचंय? आधी पिवळ्या तापाची लस घ्या

बडोद्याहून युगांडाला जाऊन ब्विंडीच्या जंगलातले पर्वतीय गोरिला बघून आलो. गोरिला बघण्याचं परमिट तिकडच्या टूरवाल्याने काढून दिलं, विमानाची तिकिटंही झटपट झाली. अडलो ते लसीपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

युगांडाच्या ई-व्हिसाला पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जोडावाच लागतो. लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते आणि दाखला टोचल्यावर 10 दिवसांनी लागू होतो. पहाटेची गाडी पकडून बाबांना घेऊन केंद्रावर पोचले, तर खिडकीतून उत्तर आलं, "आजे माणसो ओछा छे, आवता अठवाडिये आवजो." म्हणजे आज माणसं कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात. पावडरीत पाणी मिसळलं की ती त्याच दिवशी संपवायची, उरली तर टाकून द्यायची. लस वाया जाऊ नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग आदल्या दिवशी फोनवर "या" का म्हणालात? नावं लिहून घ्या, माणसं जमली की कळवा! पुढच्या खेपेला बाबांना अडवलं. साठीपुढच्यांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी म्हणे. हे ना फोनवर सांगितलं, ना भिंतीवर लिहिलेलं. इकडे परमिटची तारीख ठरलेली, 800 डॉलर भरलेले. अखेर लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक हातात पडलं तेव्हा मी तिथेच बाकावर बसून घेतलं.

गोरिलांजवळच्या एका तासासाठी एवढे पैसे? घरात सगळ्यांनी विचारलं. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला फक्त 8 पर्यटक सोडतात. प्रत्येक परमिटमागचे 10 डॉलर आणि उद्यानाच्या प्रवेशशुल्कातले 20 टक्के आसपासच्या गावांसाठी असतात. गोरिला जगला तर गावाला मिळकत, म्हणून गाव त्याला जपतं. 2018 मध्ये त्यांची संख्या हजारावर गेली, ती उगीच नाही. मात्र 1991 मध्ये उद्यान झाल्यावर तिथल्या ज्या मूळ रहिवासी बाट्वा लोकांना जंगल सोडावं लागलं, त्यांच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं, हे मला खुपलं. तिथे हमाल जरूर करा. चढ आहे म्हणून तर कराच, पण ते पैसे थेट गावातल्या माणसाच्या हातात जातात म्हणूनही करा.

सर्दी-खोकला असेल तर गोरिलांजवळ जाऊ देत नाहीत, आपला आजार त्यांना लागतो.

अंड्याची ॲलर्जी असेल तर लसीआधी डॉक्टरांना विचारा. दाखल्यावरचा पासपोर्ट नंबर खिडकीपाशीच तपासा. परतताना भारतातही हा दाखला मागतात, नसला तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.