जल्लादाची म्हणून आलेली कुऱ्हाड

ब्रसेल्सच्या सॅब्लॉन भागात जुन्या आफ्रिकी वस्तूंची बरीच दुकानं आहेत. तिथून जवळच आमची कार्यशाळा. लिलावाआधी वस्तू तपासायच्या, लागेल तशी डागडुजी करायची, हे आमचं काम. धातूचं काही आलं की माझ्या टेबलावर. गेल्या हिवाळ्यात एका लिलावघराकडून कुऱ्हाड आली, सोबत चिठ्ठी: 'जल्लादाची कुऱ्हाड, तेके, काँगो.' विकणाऱ्या बाईंचे आजोबा काँगो नदीवरच्या बोटींवर नोकरीला होते, त्यांनी आणलेली.

हातात घेताच चिठ्ठीवरचा माझा विश्वास उडाला. दांडा जेमतेम हातभर, पातं पातळ. दांड्याच्या टोकाला कोरलेला चेहरा, गालांवर उभ्या बारीक रेघा. काँगो नदीकाठचे तेके लोक पूर्वी गालांवर असेच चरे पाडून घेत. पातं त्या चेहऱ्याच्या तोंडातून बाहेर आलेलं. दांड्यावर तांब्याच्या पट्ट्या, पितळी टोपीच्या खिळ्यांनी ठोकलेल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली धार पाहिली. ठोकून पातळ केल्याच्या खुणा होत्या, पण दगडावर घासल्याचा एक ओरखडा नाही, कुठे खांड नाही. घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीचं पातं खोबणीत हलायला लागतं, भोवतीचं लाकूड तडकतं. इथे सगळं घट्ट. झिजलं होतं ते भलतंच ठिकाण: पात्याच्या खाली, दांड्याच्या मानेशी. तिथला तांब्याचा पत्रा एकाच बाजूने गुळगुळीत झाला होता. कुऱ्हाड खांद्यावर अडकवून कुणीतरी वर्षानुवर्षं मिरवली होती.

मिरवण्याचीच वस्तू ती. तेके प्रमुखाच्या गळ्यात पितळेचं रुंद चपटं कडं, अंगावर बिबट्याचं कातडं आणि खांद्यावर ही कुऱ्हाड. एवढं दिसलं की कोण आलं ते विचारायला नको. वारीत चोपदाराच्या हातातला चांदीचा दंड कुणाला मारायला नसतो, तसंच. आणि तांबं म्हणजे तिथे रोकडा पैसाच. मिंदुली, बोको-सोंगो भागात तांब्याच्या खाणी होत्या, पुढे युरोपी व्यापारातून पितळेच्या सळ्या यायला लागल्या आणि त्याही चलन म्हणून फिरल्या. दांड्याला तांबं मढवणं म्हणजे श्रीमंती उघड्यावर मांडणं. काँगो नदी सरोवरासारखी पसरते त्या मालेबोवरचा हस्तिदंताचा आणि गुलामांचा व्यापार तेके दलालांच्या हातात होता, तेव्हा मांडायला श्रीमंतीही होती. ती कुठून आली, हेही विसरून चालत नाही. १८८० साली त्यांच्या राजाने, माकोकोने, फ्रान्सच्या वतीने आलेल्या द ब्राझाशी करार केला. नदीच्या पलीकडच्या काठावर बेल्जियमच्या राजासाठी काम करणाऱ्या स्टॅनलीला न्गालियेमा या तेके व्यापाऱ्याशी घासाघीस करावी लागली. आज त्या दोन काठांवर ब्राझाव्हिल आणि किन्शासा समोरासमोर उभी आहेत.

मग खिळ्यांवर लोहचुंबक फिरवलं. बहुतेक खिळे गप्प, म्हणजे टोपीपासून टोकापर्यंत पितळेचे, जुन्या घडणीचे. मानेजवळचे मात्र चटकन ओढले गेले: टोपी पितळेची, आत लोखंड. हे नंतरचे. झिजलेला पत्रा सुटला असेल, कुणीतरी पुन्हा ठोकून बसवला. मला हे फार आवडलं. कपाटात पडून राहिलेल्या वस्तूची डागडुजी कोण करतं?

खरं नुकसान ब्रसेल्समध्येच झालं होतं. घरच्यांनी वर्षानुवर्षं पितळ चमकवायची पेस्ट चोळली होती. रेघांत, खिळ्यांच्या टोप्यांखाली पांढरी भुकटी दगडासारखी बसलेली. बांबूची काडी टोकदार करून, स्पिरिटच्या थेंबाथेंबाने ती काढली. गालांवरच्या रेघा मोकळ्या झाल्यावर चेहऱ्याचा भावच बदलला. पात्याच्या बुडाशी लोखंड तांब्याला टेकतं, तिथला गंज थांबवला. काळपटपणाला हात लावला नाही.

अहवालात लिहिलं: मानाची कुऱ्हाड, धार कधीही लावलेली नाही, वापर खांद्यावर. लिलावघरातून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. म्हणाल्या, 'जल्लाद' काढलं तर बोली पडते, निदान 'कदाचित' तरी घालू या का? मी म्हटलं, कॅटलॉग तुमचा आहे, पण अहवालाखाली माझी सही आहे, त्यातलं अक्षर बदलणार नाही. या धंद्यात हा शब्द फार खपतो. मध्य आफ्रिकेतलं कुठलंही विचित्र पातं दिसलं की त्याला मुंडकं चिकटवायचं, ही सवय पहिल्या गोऱ्या प्रवाशांपासूनची आहे आणि गिऱ्हाइकांनी ती जपली आहे.

कॅटलॉगमध्ये शेवटी 'मानाची कुऱ्हाड, पूर्वी जल्लादाची समजली जाणारी' असं छापून आलं. विकली गेली. पुढच्याच आठवड्यात नव्या मालकाने कार्यशाळेत फोन करून विचारलं, पात्याला धार लावून मिळेल का.