बँकेतला टेलर

बाबांच्या बँकेत एका खिडकीवर ‘टेलर’ अशी पाटी होती. मी दुसरी-तिसरीत असेन. टाचा उंचावून काचेपलीकडे पाहिलं, पण शिलाई मशीन काही दिसेना. गळ्यात टेप नाही, कानावर पेन्सिल नाही. एक चष्मेवाले काका ओल्या स्पंजवर बोट टेकवत आणि ओठ हलवत नोटा मोजत होते.

‘‘बाबा, हे काय शिवतात?’’

‘‘फाटक्या नोटा,’’ बाबा म्हणाले. मी ते बरीच वर्षं खरं मानलं.

पुढे पाचवीत ‘टेल म्हणजे सांगणे’ हे घोकलं आणि गोंधळ आणखी वाढला. ते काका तर कुणाला काही सांगायचे नाहीत. विचारलंच तर एकच उत्तर, ‘‘पलीकडे विचारा.’’ मग सांगणारा म्हणायचं कुणाला?

खुलासा फार उशिरा झाला, तोही शब्दकोशात भलतंच काही शोधताना. जुन्या इंग्रजीत ‘टेल’चा एक सरळ अर्थच होता मोजणे. लंडनला राजाच्या खजिन्यात पैसे मोजून घेणारे-देणारे चार टेलर असत; ती पदं 1834 साली मोडीत निघाली. बँकेतला टेलर त्याच जातकुळीतला, आणि एटीएममधला ‘टी’ही त्याचाच. ब्रिटिश संसदेत मतं मोजणाऱ्या सदस्यांना आजही टेलरच म्हणतात. 1611 च्या इंग्रजी बायबलात देव अब्राहामाला आकाशाकडे बघायला लावतो आणि तारे ‘टेल’ करायला सांगतो. ताऱ्यांना काय सांगायचंय? मोजता येत असतील तर मोज, असं ते आव्हान. ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे कुणाला न सांगितलेली संपत्ती, असं मी समजत होते (आयकरवाल्यांच्या भीतीनं असेल!). ती निघाली अगणित संपत्ती.

शेजारच्या जर्मन भाषेत मोजणं म्हणजे ‘त्सेलन’ आणि गोष्ट सांगणं म्हणजे ‘एरत्सेलन’. फ्रेंचांकडे दोन्ही क्रियापदं लिहायला वेगळी, कानाला मात्र एकच.

हे सगळं वाचून मी युरोपीय लोकांचं कौतुक करत बसले होते, तेवढ्यात आपलीच ‘संख्या’ आठवली. तिच्यातला धातू ‘ख्या’, म्हणजे सांगणे. कीर्तनात बुवा उत्तररंगात लावतात ते आख्यान, वसंत व्याख्यानमालेतलं व्याख्यान आणि गणिताच्या पेपरातली संख्या, सगळी एकाच घरची. गणितात पस्तीसच्या आसपास घुटमळणाऱ्या मला हे कुणी वेळेवर सांगायला हवं होतं.

मराठीत तर हे रोजचंच आहे. आपण पाढे वाचत नाही, म्हणतो. गाणंही म्हणतो. उलट तक्रार सांगायची झाली की तिचा पाढा वाचतो. माझी एक मावशी पाठीच्या दुखण्याचा पाढा वाचते, तो थेट तिसापर्यंत जातो. कमी बोलणारा माणूस मोजकं बोलतो. आणि फारच झालं की ‘किती सांगू!’ म्हणतो, तिथेही ‘किती’ आहेच.

आजीचं सांगणं तर शुद्ध मोजणंच असे. लग्नाहून आली की नवरी कशी दिसत होती हे राहायचं बाजूला. पंक्ती किती उठल्या, बुंदीचे लाडू किती उरले, मानाच्या साड्या किती निघाल्या, हे आधी. त्यातून आपल्याला काय ते कळायचंच. लाडू दोन टोपल्या उरले म्हणजे मुलाकडची मंडळी रुसून लवकर उठली.

तीच आजी नव्या तांदळाचं पोतं आलं की पायली घेऊन पडवीत बसायची. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. माप भरून रिकामं होईपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत राहायची, विसरू नये म्हणून. अशा वेळी मी हमखास काहीतरी विचारायला जायचे.

‘‘आजी, मी खेळायला जाऊ?’’

‘‘सहा, सहा, सहा,’’ आजी माझ्याकडे डोळे वटारून म्हणायची.

मी गुपचूप पायरीवर जाऊन बसायचे.