'सप्रेम भेट' लिहिलेलं अंतराळयान

जुन्या विज्ञानमालिकेवर नवे स्पेशल इफेक्ट्स चढवायचे म्हटलं की लोक आधी विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं? खरं तर आधी विचारायला हवं, मूळ चित्र कशावर आहे? फिल्मवर असेल तर तुमचं नशीब. आमचं व्हीएचएसवर, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटवर होतं.

आमचं म्हणजे, नव्वदच्या दशकात नाशकात केबल आली तेव्हा केबलवाल्यांचे स्वतःचे चॅनेल असायचे. रात्री पिक्चर, गणपतीत मंडळांच्या आराशी आणि उरलेल्या वेळात कुणी आणून देईल ते. आम्ही काही कॉलेजातल्या पोरांनी आणून दिली ती अंतराळातली मालिका. लहानपणी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिलेलं, मग 'स्पेस सिटी सिग्मा'. डोक्यात तेच भरलेलं होतं. मित्राचे काका लग्नाचं शूटिंग करायचे. त्यांचा एम नाइन थाउजंड कॅमेरा लग्नाच्या दोन तिथींच्या मध्ये आम्हाला मिळायचा. परग्रह म्हणजे गंगापूर धरणाचा मे महिन्यातला काठ, पाणी ओसरून भेगाळलेला. ओझरच्या बाजूने लढाऊ विमान आलं की संवाद बुडायचे, पण तोच आवाज आम्ही यानाच्या इंजिनाला वापरला. यान म्हणजे दोन स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर पालथ्या घालून चिकटवलेल्या, वर मिक्सरच्या भांड्याचं झाकण, आणि सगळं तंगुसाने टांगलेलं. मागे काळं कापड, त्याला दाभणाने भोकं, भोकांमागे बल्ब. झालं आकाश.

मागच्या वर्षी आमच्या ग्रुपवर कुणीतरी टीव्हीचा स्क्रीन मोबाइलवर शूट करून त्यातला एक तुकडा टाकला. सगळे हसले, मीही हसलो. मी एडिटिंग करतो, थोडंफार व्हीएफएक्स येतं, त्यामुळे हे नीट करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

सगळ्यात आधी परवानग्या. मालिका आमचीच असली तरी चेहरे वेगवेगळ्या घरांतले. बहुतेकांनी फोनवरच हो म्हटलं. कमांडरचं काम करणारा मित्र आता नाही, त्याच्या मुलीला घरी जाऊन भेटलो. काका आता सत्तरी ओलांडलेले, गंगापूर रोडला राहतात. त्यांनी टेपा काढून दिल्या आणि अट घातली, "तंगूस घालव, यान बदल, काय करायचं ते कर. लाइट माझा आहे. त्याला हात लावायचा नाही."

"काका, यान बदललं तर त्याच्यावरचा लाइटही..."

"मग त्याच्यावर माझ्यासारखाच लाव की."

ही अट पुढे फार उपयोगी पडली.

व्हीसीआर मिळवणं हा वेगळा उद्योग. जगातल्या शेवटच्या कंपनीनेही 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे आता जे आहे ते माळ्यावर नाहीतर भंगारात. मी बुधवारच्या बाजारात पाहिलं, एम. जी. रोडला विचारलं. शेवटी जुन्या नाशकातल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांकडे चालू मशीन मिळालं. त्यांनी उघडून टेप वाचणारं हेड कसं साफ करायचं ते दाखवलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ चामडं, हेड ज्यावर बसवलेलं असतं त्या गोल ड्रमला टेकवून धरायचं आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा. चामडं खालीवर घासलं तर हेड मोडलंच म्हणून समजा. पूर्वी लोक यासाठी कोरी करकरीत नोट वापरायचे. नोटा जिथे छापतात त्या गावात हा उपाय विशेष लोकप्रिय असावा.

दोन टेपांना पांढरी बुरशी होती, त्या तशाच बाजूला ठेवल्या. बुरशीची टेप चालवली की बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागते. बाकीच्या आधी पूर्ण पुढे पळवून मागे घेतल्या आणि मग कॅप्चरला, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवायला लावल्या. साध्या यूएसबी कॅप्चरमध्ये चित्र वरच्या बाजूला झेंड्यासारखं फडफडत होतं. जुन्या टेपचा सिंक, म्हणजे ओळ कधी सुरू करायची याचा ताल, ढिला असतो; प्रत्येक ओळ जराशी मागेपुढे सुरू होते. व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला आणि सिग्नल त्यातून काढला, तर ओळी सरळ झाल्या. काही डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये ओळी सावरणारं सर्किट असतं, सगळ्यांत नसतं. विकत घेण्याआधी लावून बघा.

आता फिल्मचा मुद्दा. 'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका 1966 ते 1969 मधली, 79 भागांची, 35 मिलिमीटरवर चित्रित झालेली. 2006 मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीने ती नव्याने करायला घेतली तेव्हा मागे जायला निगेटिव्ह होती. ती स्कॅन केली की माणसं, सेट, कपडे सगळं मूळ प्रक्षेपणापेक्षाही स्वच्छ. अडचण फक्त यानाच्या शॉट्सची. ते ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून फिल्मवर चित्र उतरवणाऱ्या यंत्रावर, थरावर थर देऊन केलेले, प्रत्येक थराला रवाळपणा वाढलेला. ते कॉम्प्युटरवर नव्याने केले. त्यानंतरच्या 'स्टार ट्रेक: नेक्स्ट जनरेशन' मालिकेची गंमत वेगळी. चित्रण 35 मिलिमीटरवर, पण एडिटिंग आणि इफेक्ट्सची जोडणी व्हिडिओ टेपवर. म्हणजे पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. 2012 पासून त्यांनी निगेटिव्हचे तुकडे शोधून सगळे भाग पुन्हा कापून जोडले, यानाच्या मॉडेलचं मूळ चित्रणसुद्धा नव्याने एकत्र केलं. मॉडेल तेच, जोडणी नवी. या कामात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. खर्च मात्र एवढा, की 'स्टार ट्रेक'च्याच त्यानंतरच्या मालिका 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' तशाच राहिल्या.

व्हीएचएसच्या खाली काहीच नसतं. टेपवर जे आहे तेच मूळ. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' (PAL) पद्धतीत दिसणाऱ्या ओळी 576, पण व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम अडीचशे ओळींच्या तोडीचा, आणि रंगाचा तर त्याच्याही कितीतरी खाली. अशा वेळी लोक एआयकडे धावतात. मीही एक शॉट एआयने मोठा करून पाहिला. कमांडरच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण गेले आणि त्याला कुठून तरी पापण्यांचे रेखीव केस आले. त्याच्या मुलीला दोन्ही पाठवले. तिचा मेसेज आला, "काका, हा बाबा नाही." विषय संपला. एआयने तपशील परत मिळत नाही, नवा रचला जातो. भिंतीला, डोंगराला एक वेळ चालेल. माणसाला नाही.

मग ठरवलं की मूळ चित्र आहे तसं ठेवायचं आणि नव्या गोष्टी त्याच्या पातळीला उतरवायच्या. ऐकायला सोपं आहे.

व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला 25 चित्रं देतो, पण प्रत्येक चित्र दोन फील्डचं, एकदा विषम ओळी आणि एकदा सम. म्हणजे हालचालीचे सेकंदाला 50 नमुने. ते एकत्र चिकटवून 25 केले की हलत्या गोष्टींना कंगव्याचे दात येतात. क्यूटीजीएमसी नावाचं फिल्टर ते सोडवून नीट 50 चित्रं देतं. हा वेळखाऊ टप्पा, कॉम्प्युटर रात्रभर चालू. मित्रांचा आग्रह होता की 50 नको, 25 करून सिनेमासारखं दिसू दे, आणि चित्रही रुंद कर. त्यावर मी त्यांना 'रेड ड्वार्फ'चं उदाहरण दिलं. 1988 मध्ये सुरू झालेली ही ब्रिटिश विनोदी विज्ञानमालिका. 1998 मध्ये तिच्या पहिल्या तीन पर्वांना नवे कॉम्प्युटर इफेक्ट्स लावले, व्हिडिओला फिल्मसारखा दिसायला लावलं, वरून-खालून कापून रुंद केलं. चाहत्यांना ते रुचलं नाही, आणि पुढे डीव्हीडीवर मूळ रूपच आधी आलं. तिथली मॉडेल्स खरी होती, जड दिसायची. त्यांच्या जागी आलेली कॉम्प्युटरची यानं वजनच नसल्यासारखी सरकतात. आमची 4:3 ची जुनी चौकट आणि सेकंदाला 50 चित्रं कायम राहिली.

आता यान. स्वच्छ कॅप्चरमध्ये यान कॅमेऱ्याकडे येतं तो शॉट थांबवून पाहत होतो, तर खालच्या ताटलीच्या बुडाशी काहीतरी खरडल्यासारखं दिसलं. चित्र पुढेमागे करत राहिलो. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. पहिलं नाव वाचता येईना, पण शेवटी स्वच्छ 'सप्रेम भेट'. कुणाच्या तरी लग्नात आलेल्या ताटल्या. आम्ही अनंत अवकाशातून परग्रहावर जात होतो ते आहेराच्या भांड्यात बसून. आणि ते इतकी वर्षं दिसलं नाही, कारण केबलवर तेवढं दिसायचंच नाही.

काकूंकडे त्या सेटमधल्या ताटल्या अजून आहेत. एक मागून आणली, व्हर्नियरने कडा मोजल्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ताटलीच्या अर्ध्या कापाची रेघ काढायची आणि आसाभोवती फिरवायची, की वस्तू तयार. ते अवघड नव्हतं. अवघड होतं स्टील. स्टीलला स्वतःचं असं फारसं काही नसतं, ते आजूबाजूचं दाखवतं. माझी ताटली कॉम्प्युटरच्या रिकाम्या अवकाशात चकचकीत करड्या बटणासारखी दिसायला लागली. इथे काकांची अट कामी आली. त्यांना विचारून तेव्हाची मांडणी कागदावर काढून घेतली: डावीकडे वर एक हॅलोजन, उजवीकडे चादर ताणून तिच्यावर दुसऱ्या हॅलोजनचा उजेड, समोर कॅमेरा. ब्लेंडरमध्ये तीच खोली उभी केली, चादरीसकट. स्टीलमध्ये चादरीची पांढरी पट्टी उमटली आणि यान एकदम खरं वाटायला लागलं. काकांना दाखवलं. ते म्हणाले, "चादर जरा खाली घे. खाटेवर उभं राहून धरली होती, हात दुखायचे." घेतली.

हालचाल मी नव्याने रचली नाही, मूळ ताटल्यांचा झोका ट्रॅक करून नव्या यानाला दिला. तंगूस गेला, पण त्याची किंचित लंबकासारखी हेलकावणी राहिली. ती काढली की यान सरकायला लागतं आणि 'रेड ड्वार्फ'चं होतं तेच होतं. 'सप्रेम भेट' ठेवायचं की नाही यावर ग्रुपवर दोन दिवस जुंपली. मी ते ठिपके मॉडेलवर जसेच्या तसे कोरले. नावाच्या जागी वाचता न येणारे ठिपके, कारण मूळातही वाचता येत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात बदलली नाही. आमचे प्रवासी ग्रहावर 'प्रकट' होतात तो शॉट. कॅमेरा बंद, माणूस आणून उभा करायचा, कॅमेरा चालू. वर उदाचा धूर. याच्या जागी चमचमते कण टाकणं हा अर्ध्या तासाचा खेळ. पण नाशकात बसून कॅमेऱ्याच्या हातचलाख्या पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके आपल्याच गावचे. वाटाण्याला कोंब फुटून वेल होताना त्यांनी एकेक चित्र घेत टिपलं होतं. 'लंकादहन', 'कालिया मर्दन' यांतले चमत्कार कॅमेऱ्यातच केलेले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आणि आम्ही कॅमेरा थांबवायची युक्ती सांगोवांगी त्यांच्याकडूनच उचललेली. राहू दिली.

शेवटचा अडसर किरणांचा. बंदुकीतून निघणारा लाल किरण कॉम्प्युटरवर केला तर तो चित्रावर नंतर चिकटवल्यासारखा दिसे. व्हीएचएसवर लाल रंग सगळ्यात जास्त पसरतो, कडेच्या बाहेर उजवीकडे ओघळतो. हे सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करून पाहिलं, समाधान होईना. मग सरळ नवे इफेक्ट्स काळ्या पार्श्वभूमीवर रेंडर केले, म्हणजे त्यांचा व्हिडिओ काढला, एचडीएमआयवरून एव्ही करणाऱ्या छोट्या डबीतून व्हीसीआरला दिले, टेपवर रेकॉर्ड केले आणि पुन्हा कॅप्चर केले. कोरी टेप नव्हती. काकांकडची एक रद्द डबिंगची टेप घेतली, पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागची टॅब तोडलेली होती, तिथे चिकटपट्टी लावली. यानही याच वाटेने एकदा टेपवर फिरवून आणलं. अक्षरं अजून दिसतात, थोडी अंधूक.

पहिल्या भागाच्या दोन फाइल केल्या आहेत, मूळ आणि नवी, एकाच लांबीच्या. 'स्टार ट्रेक'च्या ब्लू-रेवर रिमोटने जुने-नवे इफेक्ट्स पालटता येतात, 'डॉक्टर हू'च्या काही डीव्हीडींवरही ती सोय आहे. आम्ही पेन ड्राइव्हवर दोन्ही देतो, ज्याला जे हवं ते बघा. काकांनी नवी पाहिली, मग जुनी लावली आणि म्हणाले की जुन्यात आवाज जास्त चांगला आहे. आवाजाला मी हातच लावलेला नाही. बुरशीच्या दोन टेपा पावसाळा संपून हवा कोरडी झाली की उघडणार आहे, त्यांच्यासाठी वेगळा व्हीसीआर शोधतोय. कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर कळवा, बिघडलेला असला तरी चालेल, फक्त हेडचा ड्रम शाबूत हवा.