गोऱ्हे आणि गोर्हे

“हे गोर्हे कोण?” अण्णांनी ओळीखालची पट्टी न हलवता विचारलं.

शनिवारी रात्री साडेअकराला आम्ही पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो. गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. ऑगस्ट 2019च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा इथे संस्थेचा सर्व्हर दोन शिपायांनी खांद्यावर घेऊन जिन्याने वर आणला होता. 2021च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर संचालक मंडळाने ठराव केला, की हिशेब नदीपासून लांब ठेवायचा. म्हणून 2023च्या जानेवारीत मी पुण्याहून तिथे गेले. डाटा ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हर केंद्रात आणि त्याची दुसरी प्रत हैदराबादेत, असं ठरलं होतं. देशाबाहेर काही जाणार नाही, हे मी चेअरमनांना तीन वेळा सांगितलं होतं.

शुक्रवारी दिवसअखेर झाल्यावर काम सुरू केलं. डाटा अवाढव्य नव्हता, फक्त जुना होता. 1994 साली संस्थेने नोंदी ठेवायला डॉसवरचं फॉक्सप्रो हे सॉफ्टवेअर घेतलं, त्यात मराठी दिसावं म्हणून जिस्ट कार्ड बसवलं. आयआयटी कानपूरला जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं हे तंत्र. ज्या काळात संगणकावर आपलं नाव आपल्या लिपीत बघायला मिळणं हीच नवलाई होती, त्या काळात गावोगावच्या संस्था त्याच्यामुळे मराठीत चालल्या. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यातली अक्षरं इस्की या 1991च्या भारतीय प्रमाणानुसार साठवलेली होती. 2009 नंतर संस्था विंडोजवर आली आणि नवीन नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-प्रमाणात, होऊ लागल्या. एकाच खतावणीत दोन काळांची दोन मराठी होती.

जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणणं हेच माझं खरं काम होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत नोंदींची संख्या जुळली. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची नावे-जमा बेरीज, पैशापर्यंत जुळली. न जुळणारा फरक तात्पुरता टाकायच्या सस्पेन्स खात्यात वर्षानुवर्षं पडून असलेले 500 रुपयेसुद्धा जसेच्या तसे आले. उरले होते फक्त 37 जामीनदार. जुन्या प्रणालीत जामीनदाराचा सभासद क्रमांक नसायचा, नुसतं नाव आणि गाव. ते सभासद यादीशी जुळवून क्रमांक लावायचा होता. 37 जुळत नव्हते. मी ते ‘नंतर हाताने बघू’ म्हणून बाजूला ठेवले. तिथे माझं चुकलं.

अण्णा संस्थेचे निवृत्त मुख्य लेखनिक. चेअरमनांनी त्यांना यादीवर सही करायला बोलावलं होतं. मला वाटलं, दहा-बारा पानं चाळून सही करतील. ते पहिल्या पानापासून पट्टी लावून एकेक नाव वाचत होते.

“गोर्हे नावाचं घर आमच्याकडं नाही, मॅडम. गोऱ्हे आहेत.”

मी पडद्यावर बघितलं. र ह वर चढून रफार झाला होता. पुढे शोधलं तर वर्हाडे, कर्हाडकर, बर्हाटे. 2009 नंतरच्या नोंदी मात्र व्यवस्थित होत्या.

कारण सापडायला पंधरा मिनिटं लागली. मराठीतला हा आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या नोंदींचं रूपांतर दुसऱ्या पद्धतीने झालं होतं. आणि नावांच्या मागेपुढे येणारा कचरा निघावा म्हणून मी एक पायरी घातली होती, सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकणारी. कचऱ्याबरोबर ते जोडचिन्हही गेलं. दऱ्या होत्या, त्यांचा दर्या झाला.

“रोख्यावर गोऱ्हे, सातबाऱ्यावर गोऱ्हे आणि आमच्या दाखल्यावर गोर्हे,” अण्णा म्हणाले. “उद्या म्हातारा गेला, तर वारसानं कुठं कुठं फिरायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट मी केली होती आणि ती प्रत्येकाने करावी असं मला ठामपणे वाटतं: फॉक्सप्रोच्या मूळ डीबीएफ फायली एका बाइटलाही हात न लावता जशाच्या तशा वेगळ्या ठेवल्या होत्या. ती पायरी बदलली, जोडचिन्हवाला र जिथे असेल तिथे ऱ केला आणि सगळी नावं मुळातून पुन्हा आणली. पाऊण तास लागला. मग जामीनदारांची जुळणी परत चालवली. 37 पैकी 36 जुळले. नंतरच्या कर्जांवर गोऱ्हे लिहिलेलं होतं आणि जुन्या सभासद यादीत मी त्यांना गोर्हे करून बसले होते.

राहिला एक. 2010च्या थकीत कर्जाचा जामीनदार, आडनाव बऱ्हाटे. सभासद यादीत त्या गावचा त्या नावाचा कोणीच नाही.

“नाही कसा?” अण्णा चष्मा काढून म्हणाले. “शेअर मी स्वतः दिलाय. पाचशेचा.”

पाचशे ऐकलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

फॉक्सप्रोत नोंद खोडली तरी ती लगेच जात नाही. नोंदीच्या सुरुवातीला फक्त एक तारांकन उमटतं, फाइल पॅक करेपर्यंत, म्हणजे खोडलेलं कायमचं काढून टाकेपर्यंत, ती तिथेच पडून असते. खोडलेल्या नोंदी सोडून द्यायच्या हा आमचा नियम होता आणि संस्थेचा जुना अहवालही त्या धरत नव्हता, म्हणून संख्या जुळली होती. मी मूळ फाइल उघडली आणि तारांकित नोंदी काढल्या. राजीनामा दिलेल्यांच्या, शेअर परत घेतलेल्यांच्या. त्यांच्यात हे बऱ्हाटे होते. गाव, भाग क्रमांक, 500 रुपये, सगळं शाबूत. ब्राउझच्या खिडकीत कंट्रोल-टी दाबलं की खूण पडते, कोणी विचारतही नाही. भलत्या ओळीवर कोणाचं तरी बोट पडलं असणार. ताळेबंदात फरक आला, तो सस्पेन्सला टाकला गेला आणि दरवर्षी पुढे ओढला गेला.

अण्णांनी कपाटातून भागांची वही काढली. पुराचं पाणी लागून खालची पानं चिकटली होती, पण ते पान सुटलं. अक्षर त्यांचंच होतं. शेअर परत केल्याची नोंद नव्हती.

“इतकी वर्षं लाभांश नाही गेला त्यांना,” एवढंच ते बोलले आणि यादीत जिथे थांबले होते तिथे परत पट्टी लावली. शेवटचं पान होईपर्यंत उजाडलं. मी शेजारी बसून प्रत्येक नाव पडद्यावर बघत होते.

सोमवारी दहाला संस्था उघडली. नव्या प्रणालीतलं पहिलं व्हाउचर अण्णांनी सांगितलं आणि कॅशिअरने टाइप केलं: सस्पेन्स खाते नावे 500, भागभांडवल जमा 500. नावातला ऱ बरोबर उमटला का, ते अण्णांनी छापील कागद खिडकीजवळ नेऊन बघितलं.