ब्रदरांचं भाषण आणि आमचा मे महिन्यातला मेळावा

एप्रिल संपत आला की माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गडबड सुरू होते, कोण येतंय, कोण बोटीवर आहे, हॉल मिळाला का, शागुती (मटणाचा मसालेदार रस्सा) कोण करणार. शाळा गोव्यातली, वास्कोकडची, ख्रिश्चन ब्रदर या कॅथलिक संघाची. मी तिथे मराठी शिकवायचे, त्यामुळे विद्यार्थी नसले तरी मंडळात मी आहेच आणि राहणार. या संघाचे संस्थापक एडमंड राइस यांचा सण 5 मेला असतो. शाळेला तेव्हा सुट्टी असते खरी, पण आमची अर्धी मुलं बोटीवर नाहीतर गल्फमधे, आणि तीही घरी येतात ती आंब्याफणसाच्या दिवसातच, म्हणून 5 मेच्या आसपासचा रविवार कायमचा ठरून गेलाय.

प्रार्थना, दिवा, शाल-श्रीफळ, अहवाल, हिशेब हे सगळं दरवर्षी नीट होतं, त्याबद्दल वेगळं काही लिहित नाही. मी जाते ती आमच्या म्हाताऱ्या ब्रदरांच्या भाषणासाठी. आता ते काठी टेकत येतात, कागद आणत नाहीत, थोडं इंग्रजी थोडं कोकणी असं बोलतात, आणि सुरुवात जन्मतारखेनं न करता बंदरापासून करतात, कारण समोर सगळी वास्कोची पोरं बसलेली असतात. आयर्लंडमधलं वॉटरफर्ड बंदर, तिथे 1779 मधे कॅलन गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा काकाच्या धंद्यात काम शिकायला आला. धंदा काय, तर जहाजांना रसद पुरवायची, खारवलेलं मांस, लोणी असं सगळं. आमच्यातला एकजण मुरगाव बंदरात हाच धंदा करतो, तो इथे दरवर्षी खुर्चीत पुढे सरकून बसतो. एडमंड धंद्यात हुशार निघाला, पैसा आला, लग्न झालं, आणि 1789 मधे बायको गेली. घोड्यावरून पडून गेली असं सांगतात. मागे एक तान्ही मुलगी राहिली, जन्मापासून अधू.

इथे ब्रदर थांबतात. दर वेळी. मी इतक्या वर्षांत हे किती वेळा ऐकलंय, तरी या ठिकाणी माझा पदर डोळ्याला लागतोच. शाळेच्या जिन्यात राइस यांचं चित्र आहे, काळ्या झग्यातले म्हातारे, मुलं त्यांना बघून घाबरायची. हा माणूस आधी कुणाचा तरी नवरा होता, बाप होता, सव्विसाव्या वर्षी बायको गेली आणि आजारी पोर मांडीवर, हे नवीन आलेल्या पालकांना ऐकून धक्काच बसतो. मुलीची सोय त्यांनी नातेवाइकांकडे लावली. मग मठात जाऊन राहावं असं मनात आलं तेव्हा कुणी तरी त्यांना विचारलं म्हणे, तू भिंतीआड जाऊन बसणार आणि ही रस्त्यावरची पोरं अशीच वाया जाणार का?

रस्त्यावरची पोरं का होती तेही ब्रदर सांगतात. राइस लहान असताना कॅथलिक मास्तरनं शाळा चालवणं हा तिथे कायद्यानं गुन्हा होता, झुडपांच्या आडोशाला बसून शिकवायचे. कायदा पुढे सैल झाला पण गरिबाच्या पोरासाठी शाळा कोण काढणार? 1802 मधे यांनी वॉटरफर्डच्या न्यू स्ट्रीटवरच्या एका तबेल्यात वर्ग सुरू केला, धंदा सोडला. पगारी मास्तर ठेवले ते पोरांचा दंगा बघून पळून गेले. मग कॅलनहून दोन तरुण आले, थॉमस ग्रोव्हनर आणि पॅट्रिक फिन, आणि तिघं त्या तबेल्याच्या वरच राहायला लागले. पुढे माउंट सायन ही शाळेची इमारत झाली, तिथे भट्टी घातली आणि शिंपी बसवले, कारण उपाशी आणि फाटक्या कपड्यातल्या मुलाला अक्षर कुठून सुचणार. 1808 मधे त्यांनी आणि सोबत्यांनी व्रतं घेतली, 1820 मधे रोमची मान्यता आली. 1890 पर्यंत आयरिश ब्रदर कलकत्त्यात पोचले होते.

हा भाग मुलं नाटकात करतात, माजी विद्यार्थ्यांचीच मुलं. बाकं उलटी करून तबेला, पळून जाणारा मास्तर कोण होणार यावरून भांडणं, आणि शेवटी पडद्यामागून टोपल्या येतात आणि हॉलमधल्या प्रत्येकाच्या हातात एकेक गरम उंडो, म्हणजे गोल पाव, पडतो. माउंट सायनच्या भट्टीची आठवण म्हणून ही प्रथा आमच्याच मंडळानं पाडली, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

दरवर्षी कुणाची तरी नवी सून विचारतेच, ब्रदर म्हणजे फादरच ना? नाही. ब्रदर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगत नाही, कन्फेशन ऐकत नाही. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं घेतो आणि शाळेत शिकवतो. स्वतःचं घर नाही, स्वतःचा पगार नाही, बदली आली की एक बॅग घेऊन निघायचं. आमच्या शाळेत रात्री व्हरांड्यात दिवा दिसला की ब्रदर वह्या तपासतायत हे समजायचं. गणितात गटांगळ्या खाणाऱ्या पोरांना हे ब्रदर मे महिन्यात घामाच्या धारा पुसत शिकवायचे, एक पैसा न घेता, आणि त्या मुलांनी आईकडून काही खाऊ आणला तर तो पुन्हा त्यांच्यातच वाटून टाकायचे. राइस यांच्या 1810 च्या एका पत्रातलं वाक्य ते भाषणात सांगतात, की शेजाऱ्याच्या सेवेसाठी देवाच्या प्रेमानं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नुसतं चालत जाण्याचं मोल जर आपल्याला कळलं तर ते आपण सोन्याचांदीहून जास्त मानू. हे वाक्य सांगायचा हक्क आमच्या ब्रदरांना आहे, ते त्यांनी पाय चालेनासे होईपर्यंत केलंय.

राइस 29 ऑगस्ट 1844 ला माउंट सायनलाच गेले. ऑक्टोबर 1996 मधे पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी, अजून संत झालेले नाहीत, आणि ब्रदर प्रत्येक वेळी म्हणतात की घाई नाही. मला मात्र घाई आहे, ब्रदरांच्या डोळ्यांसमोर व्हावं असं वाटतं.

आता थोडं मनातलं. मधे एका वर्षी कमिटीनं हे भाषण दहा मिनिटांवर आणलं, डीजेला वेळ हवा म्हणून. मी तेव्हाच मीटिंगमधे बोलले आणि आताही लिहिते, डीजे रात्रभर लावा, पण भाषण कापू नका, हा माणूस आपल्याला किती वर्षं मिळणार आहे? आणि पणजी-म्हापशाची मंडळी, तुम्हाला सांगते, आधी जुवारीच्या पुलावर ट्रॅफिक म्हणून येत नव्हतात, 2023 पासून नवीन पूल पूर्ण चालू आहे तरी खुर्च्या रिकाम्याच, आणि बहारीनचा मुलगा तेवढ्यासाठी सुट्टी पुढेमागे करून येतो.

आणि ज्यांच्यामुळे हे सगळं होतं ते. नावं लिहिली तर रागावतात म्हणून कामानं सांगते. पहाटे उंडे भाजून वेळेवर आणणारा पोदेर (पाववाला) आणि त्याचा भाचा. हॉलच्या चाव्या सांभाळणारे आणि निवृत्त झाल्यावरही येणारे शिपाईमामा. माइकवाला, जो आमच्याकडून फक्त गाडीचं भाडं घेतो. फळ्यावर सुंदर अक्षरात स्वागत लिहिणारी सातवीच्या बॅचची वर्गशिक्षिका. शागुती करणाऱ्या तिघी, आणि वेगळ्या पातेल्यात भाज्यांचं खतखतं करणाऱ्या आमच्या वहिनी, कारण मंडळात शाकाहारी बरेच आहेत. खुर्च्या देणारं चर्च, त्या उचलून लावणारी मुलं, त्या परत पोचवणारी मुलं (ही वेगळी, यांचे आभार नेहमी राहतात). ब्रदरांना गाडीतून आणणारा आणि जेवण होईपर्यंत त्यांच्या शेजारून न हलणारा नव्वदच्या बॅचचा मुलगा. नाटकाचे कपडे शिवणाऱ्या काकू, ज्यांचा स्वतःचा मुलगा या शाळेत कधी नव्हता. कुणी राहिलं असेल तर मला फोन करा, पुढच्या वेळी पहिलं तुमचं लिहीन. पुढचा मेळावाही 5 मेच्या जवळच्या रविवारी, सकाळी दहाला, आणि भाषण पूर्ण होणार आहे, तसं मी कमिटीकडून लिहून घेतलंय.